दोनशे कनेक्शन

१८ जून, दुपारचे पावणेतीन

गुरुजी,

नमस्कार. तुम्ही बरे असालच. वहिनींचा गुडघा कसा आहे? ऑफिसात तुम्हाला ‘गुरुजी’ हे नाव मीच पाडलं, हेही एकदा सांगायचं राहून गेलं होतं.

इथे ठीक चाललंय. खिडकीजवळची तुमची जागा आता मला दिली आहे. तीनदा खुर्ची खालीवर केली, तरी तिथे बसवत नाही.

बातमी अशी, की हॉस्पिटलच्या अपॉइंटमेंटची सिस्टिम आता पळते. विशेष काही केलं नाही, डेटाबेसच्या कनेक्शनचा आकडा दोनशेवरून परत वीसवर आणला. तुम्ही घसा कोरडा करून सांगायचात, की डेटाबेस एका वेळी मोजकीच कामं उरकतो, बाकीच्यांनी बाहेर रांगेत थांबलेलं बरं. सगळे पेशंट एकदम आत सोडले, तर डॉक्टरला हात हलवायला जागा उरत नाही. मी मान डोलवायचे आणि मनात म्हणायचे, म्हातारा उगाच घाबरतो.

काल सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मी ते ऐकून घेतलं.

आज सकाळी तुम्हाला नोकरी देऊ पाहणाऱ्या बाईंचा फोन आला. तुमची चौकशी करत होत्या. “मागे पाच तास सिस्टिम बंद होती, ती यांच्यामुळेच ना?” चार वाजता कळवते म्हणाले. तेव्हापासून दोनदा जिना उतरून, पुन्हा चढून आले. डबा तसाच आहे.

तो दोनशेचा आकडा मी टाकला होता, गुरुजी. तुम्ही जेवायला गेला होतात, तुमचा कॉम्प्युटर उघडा होता आणि तक्रारींचे फोन थांबत नव्हते. वाटलं, आकडा वाढवला की काम झटक्यात होईल आणि तुम्ही शाबासकी द्याल. नोंद तुमच्या नावावर पडली. नंतर सिस्टिम नुसती बंद करून पुन्हा चालू केली, आकडा तसाच राहिला. मीटिंगमध्ये तुम्ही एकदाच माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, “माझ्या कॉम्प्युटरवरून झालंय, म्हणजे जबाबदारी माझी.” मी वहीत काहीबाही लिहीत राहिले. त्याची मला फार लाज वाटते.

आत्ताच साहेबांना सांगून आले. झालं गेलं, आता कशाला उकरतेस, म्हणाले. चार वाजता मी त्या बाईंना खरं सांगणारच आहे. पण त्याआधी साहेबांनी त्यांना भलतंच काही सांगितलं, तर हे पत्र त्यांच्यापुढे ठेवा. मुद्दाम हाताने लिहिलंय. अक्षर माझंच आहे, हे इथलं कुणीही सांगेल.

तुमची अपराधी