शुभदाची आंघोळ

डोंबिवली, ता. ९-११-१९५३

ती. सौ. आईस,
कृ. सा. न. वि. वि.

आम्ही मायलेकी परवा सुखरूप पोचलो. शुभदा आता तीन महिन्यांची, पण सासरी आल्याबरोबर तिचं नाक इकडच्या वळणाचं ठरलंसुद्धा!

एक विचारायचं होतं, हसू नकोस. तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालताना मनात येतं, आत्ता आपण हिला मुद्दाम घंगाळात सोडून देऊ. मला तसं करायचं नसतं गं, तरी येतं. विळी मी माळ्यावर टाकलीय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, झोप होत नाही म्हणून. तुला असं कधी झालं होतं का?

ती. बाबांस नमस्कार.

तुझी,
उत्तरा

ठाणे, ता. १३-११-१९५३

चि. सौ. उत्तरास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पावले. झुरळ दिसलं की पाटावर चढणारी तू, तुझं काय मनावर घ्यायचं! पहिलटकरणीच्या मनात काहीबाही येतंच. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढ, डिंकाचे लाडू संपव. मला तसलं काही झाल्याचं आठवत नाही. बाबांचा खोकला बरा आहे.

तुझी आई

डोंबिवली, ता. १९-११-१९५३

ती. सौ. आईस, सा. न.

लाडू संपले, दृष्टही काढली. काल घरात आम्ही दोघीच होतो. ती रडायला लागली आणि मी स्वयंपाकघरात जाऊन आतून कडी घातली, माझ्यापासून तिला वाचवायला. सासूबाई देवळातून आल्या तोवर तिचा घसा बसला होता. ही कसली आई, असं त्या शेजारी ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाल्या. रविवारी कल्याणहून वन्सं येऊन शुभदाला घेऊन जाणार आहेत. मीच हो म्हटलं. आई, मला माझ्या हातांची भीती वाटते.

उत्तरा

ठाणे, ता. २१-११-१९५३

चि. सौ. उत्तरास,
अ. उ. आ.

हे टपालात टाकत नाही. आज स्वतः येऊन तुझ्या हातात देईन. तोंडानं मला सांगता यायचं नाही.

मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तुझ्या वेळी मलाही अगदी हेच झालं होतं. पाळण्यापाशी गेले की उशीकडे लक्ष जायचं. भीतीनं कुणाला बोलले नाही. बाळंतरोग झाला असं सांगून तुला काकूंकडे दिली. परत आणली तेव्हा तू वर्षाची होतीस. माझ्याकडे येईनास, काकूंचा पदर सोडेनास. तुझ्या बाळंतपणात तीन महिने शुभदाला न्हाऊ घालायला ठमाबाई ही बाई लावली, ती काही हौसेनं नव्हे. तान्ह्या पोराला पाण्यात धरायची माझी अजून छाती होत नाही.

माझ्या हातून तुला काही झालं नसतं, हे मला फार उशिरा कळलं. शुभदाला कल्याणला पाठवू नकोस. सासूबाईंशी मी बोलेन. उद्या तिला आपण दोघी मिळून न्हाऊ घालू. भीती मलाही वाटेल.

हे वाचून माझ्यावरचा लोभ उणा करू नकोस, एवढंच मागणं.

तुझी आई