डेलियाचं तोंड समुद्राकडे असल्याबाबत

प्रति,
मा. बंदर अधिकारी,
बंदर कार्यालय, कूलनारा,
जिल्हा गॉलवे, आयर्लंड

विषय : धक्क्यावरील पुतळ्यासमोर रोज पाव तास होडी उभी करू देणेबाबत, किंवा पुतळा फिरवणेबाबत.
संदर्भ : मला मिळालेली दि. १२ फेब्रुवारीची नोटीस.

महोदय,

१. देश सोडून अमेरिकेला गेलेल्यांच्या स्मरणार्थ आपल्या धक्क्यावर हातात पेटी घेतलेल्या बाईचा पुतळा आहे. ती बाई म्हणजे माझी पत्नी डेलिया. शिल्पकाराने तिला आमच्याच परसात दोन आठवडे उभी केली होती. पेटीने हात खाली ओढला जावा म्हणून पेटीत बटाटे भरले होते. साडेबारा वाजले की डेलिया म्हणायची, "थांबा हो जरा, अमेरिकेहून परत येते. तेच बटाटे उकडायचेत." ती आयुष्यात गॉलवे शहराच्या पलीकडे गेली नाही. बोस्टनच्या तीन कुटुंबांनी मात्र तिला आपली पणजी ठरवली असून ते दर उन्हाळ्यात पुतळ्याच्या पायांना मिठी मारून रडतात. आम्हाला मूलबाळ नाही. तरी याबद्दल माझी तक्रार नाही.

२. डेलिया गेल्या नोव्हेंबरात वारली. घरात तिचे चार फोटो आहेत आणि चारही फोटोंत तिचे डोळे मिटलेले आहेत. शिल्पकाराने मात्र तिला बरोबर पकडली आहे. मी गोठ्यातून चिखलाचे बूट घेऊन आत आलो की ती जशी बघायची, "झालं का तुझं?", तशीच ती तिथे बघते. अडचण एवढीच, की स्मारक समितीने तिचं तोंड समुद्राकडे केलं. धक्क्याच्या अगदी कडेवर ती उभी असल्याने जमिनीवरून फक्त पाठ आणि अंबाडा दिसतो. चेहरा पाहायचा तर पाण्यातूनच.

३. म्हणून मी रोज सकाळी दहा वाजता होडी वल्हवत तिच्यासमोर जाऊन पाव तास थांबत असे. माझं वय एकोणऐंशी आहे. पर्यटकांची बोट चालवणारा कोलमन भोंग्यावरून ओरडायचा, "मंडळी, डावीकडे बोस्टनला निघालेली, उजवीकडे हात चोळत बसलेला!" मग सगळे माझे फोटो काढायचे. मी हात हलवायचो. त्याचीही तक्रार नाही.

४. आता आपली नोटीस आली, की धक्क्यापासून तीस फुटांच्या आत विनाकारण होडी उभी करू नये. मी परवान्याचा फॉर्म भरला. कारणाच्या रकान्यात "पत्नी" लिहिलं. तो परत आला. दुसऱ्यांदा "पत्नीचा चेहरा" असं सविस्तर लिहिलं. तोही परत आला, "सदर कारण यादीत नाही" या शेऱ्यासह. फुटबॉलच्या अंतिम सामन्याआधी पोरं शिडी लावून तिला जिल्ह्याची जर्सी चढवतात, तेव्हा कार्यालय कारण विचारत नाही. उलट मागच्या वेळी शिडी आपल्याच कार्यालयाची होती.

५. खिडकीवरच्या असम्प्टा मॅडम चांगल्या आहेत. त्या हळूच म्हणाल्या, "अहो काका, मासेमारी लिहा ना! एक गळ टाकून बसा. कोण बघायला येतंय?" मी घरी येऊन फॉर्म पुढे घेतला, पण हात चालेना. मला मासे धरता येत नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षं मी दुकानातून बांगडे आणून "आज लागले" म्हणायचो आणि ती "हो का?" म्हणून मुकाट तळायची. आता पुन्हा तिच्यासमोर गळ टाकून बसायचं, तेही सरकारी शिक्क्यानिशी, हे माझ्याच्याने होणार नाही.

६. नोटीस मी पाळत आहे. आज एकोणीस दिवस मी धक्क्यावर उभा राहून अंबाड्याशी बोलतो आहे. ती जिवंतपणी रुसली की अशीच पाठ फिरवायची, पण जास्तीत जास्त दोन दिवस.

तरी एप्रिलमध्ये गाळ काढायला क्रेन येणारच आहे, तिनेच डेलियाला गावाकडे फिरवावं. बोस्टनचे लोक विचारतील, तर ती परत आली म्हणून सांगावं. ते जमत नसेल तर कारणांच्या यादीत एक शब्द वाढवावा, ही विनंती.

उत्तराची वाट पाहणारा, आपला नम्र,
फेस्टस कॉन्रॉय
दि. ३ मार्च २०१४

सोबत :
(१) नोटिशीची प्रत
(२) परत आलेले दोन फॉर्म
(३) तिसरा फॉर्म, कारण तेच
(४) डेलियाचा फोटो, डोळे मिटलेला. पाहून झाल्यावर कृपया परत करावा.