नव्या चादरीला मऊ म्हणणारे

बुधवार, दुकान बंद केल्यावर

दुकानाच्या पेजवर आज पुन्हा तेच. "घडी उघडली आणि काय मऊ चादर!" काल दोघींनी हेच लिहिलं, आज तिघांनी. मऊ? सोलापुरी चादर, कोरी करकरीत, आणि मऊ? चार वेळा धुतल्याशिवाय ती अंगाला टोचायची थांबत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मग ही माणसं कोण? चादर तरी घेतली का यांनी?

पेज मेघा बघते. सख्खी पोरगी, म्हणून विचारायला जीभ रेटेना. शेवटी जेवताना विचारलंच.

"पप्पा, सुरुवातीला अशा कमेंट आपणच टाकायच्या असतात. याला स्ट्रॅटेजी म्हणतात. सगळेच करतात की."

"आणि बार्शीच्या त्या बाईंची कमेंट कुठं गेली? सकाळी वाचली होती मी."

"ती निगेटिव्ह होती. काढून टाकली."

त्या बाईंनी एवढंच लिहिलं होतं, "चादर लई कडक हाय. किती वेळा धुतल्यावर मऊ होईल?"

अख्ख्या पेजवर आमची चादर खरोखर अंगावर घेतलेलं माणूस ते एकच. आणि आम्ही त्यालाच हाकललं.