सान्वीचे फ्रॉक, जमिनीखाली

बाडमेरच्या पुढे, वाळवंटात
दि. १५ जानेवारी २०२५

प्रिय सोनलताई,

पशाचा नमस्कार. सान्वीला एक गालगुच्चा. मी ठीक आहे, रोज बाजरी खातोय. शहाडला थंडी पडली का? माझं पत्र बघून हसशील. शाळेत निबंधाच्या पानावर मी नुसत्या बॅटी काढायचो. पण इथे शूट संपेपर्यंत सगळ्यांचे मोबाईल गेटवर जमा आहेत. ड्रायव्हर गावात जातोय, त्याच्याकडे हे स्पीडपोस्टला देतोय.

प्रीती मॅडमची डॉक्युमेंटरी आहे, मी लाईट धरतो. जग बुडणार म्हणून ही माणसं जमिनीखाली घरं करून राहतात. लोखंडी झाकण उघडायचं, शिडीने उतरायचं. खाली खोल्या, पाण्याच्या टाक्या, तांदळाची पिंपं. हवा बंद डब्यातल्यासारखी. खालची पोरं माझा लाईट लागला की डोळे झाकतात गं.

खरं म्हणजे मी नुसता कामासाठी नाही आलेलो. शीळफाट्याचा मुकादम बोललेला की पुरानंतर बेपत्ता झालेल्या दाजींना खोदकामाला इकडेच आणलेलं. तुला सांगितलं नाही, उगाच आशा नको म्हणून.

आधी खाली बस. मग पुढचं वाच.

दाजी आहेत. जिवंत आहेत.

"अरे पशा, जाडा झालास की!" म्हणाले. जसं काय कालच स्टेशनवर भेटलेलो. म्हटलं, "दाजी, घरी चला." तर हसले. "कुठलं घर? माळ्यापर्यंत नदी आलेली ते?" पुराच्या दिवशी रांगत्या सान्वीला डोक्यावर धरून उभे होते ना, ते अजून तसेच उभे आहेत, ताई. खोदायला आले आणि त्याच खड्ड्यात राहिले.

तुमच्या दोघींची खाट दाखवली. चादर ताणून घातलेली. मग पत्र्याची पेटी उघडली. आत सान्वीचे फ्रॉक. प्रत्येक वाढदिवसाचा एक, पुढच्या वाढदिवसांचेही, माप वाढवत वाढवत. तळाशी लाल शालू.

"हा कोणाला?"

"पोरीचं लग्न नको करायला? मुलगा बघून ठेवलाय. खालचाच आहे, गुणी आहे."

बाजूला एक पोरगा डाळ निवडत बसलेला. मिसरूडही फुटलेलं नाही. दाजी त्याला म्हणाले, "काय जावईबापू!" आणि तो लाजला. कोणीच हसलं नाही. मी लाईट खाली घ्यायला लागलो, तर मॅडम कॅमेरावाल्याला हळूच म्हणाल्या, "कट नको करू."

मुद्द्याचं अजून लिहिलं नाही.

मॅडमनी विचारलं, बायको-मुलीला बोलावू का, तिकीट आम्ही काढतो. दाजींनी तुझा नंबर सांगितला. न अडखळता. तू दरवर्षी वडाला फेऱ्या मारतेस, त्यांचा फोन येईल म्हणून तो जुना नंबर बदलत नाहीस. त्यांना नंबर तोंडपाठ होता, ताई. सगळी वर्षं.

मी कॉलर धरली त्यांची. लोकांनी ओढून मला वर काढलं. काम गेलंच समज. पण गेटबाहेर गेलो तर परत आत घेणार नाहीत, म्हणून हललो नाही.

शूट संपलं की मॅडमचा फोन येईल. गोड बोलतील. तुला नको येऊ कसं म्हणू? नवरा आहे तुझा. पण आलीस तर सान्वीला शेजारच्या हौसाबाईंकडे ठेवून ये. कितीही रडली तरी. आणि शिडी उतरू नकोस. वरूनच हाक मार. आले वर तर आपले.

तू येईपर्यंत झाकणापाशी बसलेला,
तुझा पशा