विधान एकशे त्रेचाळीस

काठमांडू
९ मंसिर, विक्रम संवत २०६२

ती. बा यांस,
रस्मिलाचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आणि सुक्या सफरचंदांची पिशवी कालच्या विमानाने पोचली. धुपीखर्कचा टेलिफोन बंद पडल्यापासून वैमानिकच आपले पोस्टमन झालेत, बिचारे. आत्याने निम्मी सफरचंदं लगेच कुलपात घातली. म्हणाली, ही पोरगी परीक्षेआधीच सगळी फस्त करील आणि मग विमानाच्या दारात अडकेल.

तर ऐका. कंपनी आठ जणांना घेणार आणि वैमानिकाचं सगळं शिक्षण स्वतः देणार. अर्ज आलेत तीनशे बारा. पहिल्या दिवशी कौशल्याच्या चाचण्या. पडद्यावर एक ठिपका सैरावैरा पळतो, त्याला दांडीने मधोमध धरून ठेवायचं. त्याच वेळी कानात आकडे येतात, त्यांची वजाबाकी करायची. त्यात लाल दिवा लागला की पायाने बटण दाबायचं. माझा एक तर ठिपका पळतो, नाहीतर आकडे.

दुसऱ्या दिवशी स्वभावाची चाचणी. दोनशे चाळीस विधानं, प्रत्येकापुढे होय किंवा नाही. पुतलीसडकच्या क्लासातले घिमिरे सर म्हणतात, तिथे विचार करायचा नसतो, पाठ करायचं असतं. त्यांनी उत्तरं छापूनच दिली आहेत. मला कधीच भीती वाटत नाही : होय. मी कधीच खोटं बोललो नाही : होय. एकशे त्रेचाळीसावं आहे, 'कामात झालेली चूक मी कधीतरी लपवली आहे.' तिथे डोळे मिटून 'नाही' ठोका म्हणाले. मी कुठे नोकरी केली आहे? म्हणून तुम्हाला डोळ्यांपुढे आणलं. सव्वीस वर्षं धावपट्टीवरच्या रेडिओच्या खोलीत, विमानांना वारा सांगत, एक डाग नाही. लगेच 'नाही' लिहिलं.

त्या ठिपक्यावर काहीतरी तोड सांगा. तुम्ही तर दोन रेडिओ एकदम ऐकता. कानटोपी घालत जा आणि लोभ असाच पिशव्या भरभरून पाठवत जा.

तुमची,
रस्मिला


धुपीखर्क
१६ मंसिर, सकाळी आठ, वारा सहा

चि. रस्मिला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तारखेपुढे वारा लिहिल्यावर तू हसतेस, ठाऊक आहे. हाताची सवय, जात नाही.

ठिपक्याकडे टक लावून बघू नकोस. मी माइकवर बोलतो तेव्हा खिडकीबाहेरच्या वारादर्शक पिशवीकडे नुसती नजर टेकवलेली असते. काम कानाने करायचं, डोळ्याला मोकळं सोडायचं. रोज संध्याकाळी आत्याच्या चुलीपाशी बस. उजव्या हाताने ढिंडोचं पीठ घोट, डाव्या तळहातावर पाण्याची वाटी धर, रेडिओवर बातम्या लाव आणि शंभरातून सात-सात वजा करत ये. पाणी सांडायचं नाही, ढिंडोत गुठळी होऊ द्यायची नाही आणि शेवटी बातम्या सांगता आल्या पाहिजेत. पहिल्या आठवड्यात आत्याची दोन-चार भांडी जातील. तिची बोलणी माझ्या खात्यावर लाव.

झोप नीट घे. टिम्मुरची तिखट चटणी परीक्षेच्या दिवशी खाऊ नकोस, पोट बिघडतं.

त्या एकशे त्रेचाळीसाबद्दल मी काय लिहिणार? सर म्हणतात तसं कर. विमान खिंडीत शिरलं आहे, इथेच थांबतो. लोभ आहेच, तो तिकडे थंडीत तुझ्या अंगावर असू दे.

तुझा,
बा


काठमांडू
२४ मंसिर

ती. बा यांस,
सा. न. वि. वि.

एक वाटी, एक बशी आणि आत्याची मनःशांती, एवढं फुटलं. पण बा, ठिपका ऐकायला लागला! सराव-चाचणीत वर्गात तिसरी आले. घिमिरे सरांनी विचारलं, हे कुणी शिकवलं? मी म्हटलं, ढिंडोने. त्यांना वाटलं मी टवाळी करते आहे.

आता मुलाखतीची तयारी चालू आहे. 'वैमानिक का व्हायचंय' हे दोन मिनिटांत सांगायचं असतं. मी आईचंच सांगते. मी सहा वर्षांची होते, आई बाळंतपणात अडली होती, तिला न्यायला दिवसाचं शेवटचं विमान येत होतं आणि कॅप्टन राजभंडारींच्या निष्काळजीपणाने ते धावपट्टीवरून घसरून कुंपणाच्या भिंतीवर आदळलं. चोवीस वर्षांचा सहवैमानिक गेला. दुसऱ्या दिवशी डोलीतून खाली नेताना वाटेत आई गेली आणि पोटातला जीवही. मी त्या खुर्चीवर असते तर विमान सरळ उतरवलं असतं, असा शेवट करते. सरांचे डोळे भरून आले. म्हणाले, याच्यावर जागा पक्की.

फक्त तपशील हवा म्हणतात, म्हणजे ऐकणाऱ्याला खरं वाटतं. तुम्ही तर समोरच होतात. वारा किती होता, किती वाजले होते, कॅप्टनची चूक नेमकी कुठे झाली, एवढं लिहून पाठवा. परीक्षा २२ पुसला आहे.

लवकर लिहा. लोभाला उशीर चालेल, तपशिलाला नाही.

तुमची,
रस्मिला


धुपीखर्क
१२ पुस

चि. रस्मिला हिस,
आशीर्वाद. तुला ते हवेत की नाहीत, हे पत्र वाचून ठरव.

अडीच आठवडे उत्तर दिलं नाही. तीन पत्रं लिहिली आणि चुलीत घातली. आज जे आहे ते सरळ लिहितो.

तू पाहिलं आहेस, साडेदहानंतर आपल्या खोऱ्यात वारा उठतो. वीस नॉटच्या वर गेला की विमानाने उतरायचं नाही. पण शेवटच्या विमानात कुणाचं औषध असे, कुणाचा मुलगा असे. लोक थोरल्या भावासारखी हाक मारत, खिडकीशी येऊन गयावया करत, दाइ, थोडा कमी सांगा ना. मग आम्ही दोन-चार आकडे कमी सांगायचो. माझ्या आधीचेही सांगत. त्याला आमच्यात 'माणुसकीचा वारा' म्हणत. वैमानिकांनाही ते माहीत होतं, ते मनात चार मिळवून घेत. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

त्या दिवशी दहा चाळीसला वारा चौतीस होता, आडवा. खोलीच्या मागे बाकावर तुझ्या आईला आणून निजवलं होतं. तिचं कण्हणं मला ऐकू येत होतं. कॅप्टनने वारा विचारला. मी अठरा सांगितला. त्यांनी पुन्हा विचारलं, खात्री आहे का? मी म्हणालो, खात्री आहे.

वहीत अठराच लिहिलं. चौकशीत कॅप्टन म्हणाले, वारा जास्त वाटला होता, पण मला अठरा सांगण्यात आला. वहीत अठरा पाहिल्यावर त्यांचं कोण ऐकणार? ठपका त्यांच्यावर आला, परवाना गेला. मी समोरच्या खुर्चीवर बसलो होतो आणि गप्प राहिलो. तुझी आई नुकतीच गेली होती, तू माझं बोट सोडत नव्हतीस, अशी कारणं मी स्वतःला दिली. नंतर कारणं संपली तरी गप्पच राहिलो.

सोबत दोन बंद पाकिटं आहेत. एक विमान खात्यासाठी जबानी आहे, एक कॅप्टनसाठी, ते तिकडेच पाटणला राहतात. पण रस्मिला, हात जोडतो, निकाल लागेपर्यंत ती पेटीत ठेव. माझं नाव निघालं तर तुझं नाव कापतील. मी सोळा वर्षं थांबलो, अजून महिनाभराने काही बिघडत नाही. निकाल लागला की दोन्ही दे.

लोभ मागायचा हक्क आज मला नाही.

बा


काठमांडू
५ माघ

बा,

आज वर नमस्कार लिहिला नाही. दोनदा लिहून खोडला.

तुमचं पत्र आल्यावर दोन दिवस मी पुस्तक उघडलं नाही. आत्याला वाटलं, परीक्षेची धास्ती. मला आठवतं, आई बाकावर होती आणि तुमची पाठ माझ्याकडे होती. इतकी वर्षं मी त्या कॅप्टनला मनातल्या मनात शिव्या घालत आले. तुम्ही ऐकत होतात आणि घालू देत होतात. याचा मला राग आहे. तो इतक्यात जाणार नाही.

पाकिटं पेटीत ठेवली होती. परीक्षेला गेले. ठिपका जागचा हलला नाही. दुसऱ्या दिवशी एकशे त्रेचाळीसाव्याशी पोचले. शब्द जरा वेगळे होते, विधान तेच. तुम्हाला डोळ्यांपुढे आणून 'नाही' लिहायची सोय राहिली नव्हती. मग माझ्या पेटीतली पाकिटं दिसली. आता लपवणारी मीच होते. 'होय' लिहिलं. भीतीच्या सगळ्या विधानांनाही खरं तेच लिहिलं. घिमिरे सरांची एकोणीस मुलं एकसारखी उत्तरं लिहून आली होती, ती सगळी तिथेच गळाली. कधीच न घाबरणारं आणि कधीच न चुकणारं माणूस त्यांना नको होतं म्हणे.

मुलाखत चार दिवसांनी होती. तुमचं ऐकलं नाही, बा. जबानी आदल्या दिवशीच खात्यात देऊन पोच घेतली. तिथून पाटणला गेले.

कॅप्टन गच्चीवर उन्हात बायकोबरोबर मटार सोलत होते. पत्र वाचून त्यांनी एकच विचारलं, खरा किती होता? मी चौतीस म्हटलं. ते म्हणाले, मी बावीस धरला होता. मग बराच वेळ आपले हात उलटसुलट करून बघत राहिले. सोळा वर्षं मी या हातांना दोष देत आलो, म्हणाले. त्यांनी तुम्हाला माफ केलं का, ते मला कळलं नाही. विचारायचं धैर्य झालं नाही. त्या सहवैमानिकाची आई चार वर्षांपूर्वी कॅप्टनना शाप देत गेली. तिला आता कोण सांगणार, असं त्यांची बायको म्हणाली आणि आत निघून गेली. मला जिन्यापर्यंत पोचवायला कॅप्टन एकटेच आले.

मुलाखतीत विचारलं, वैमानिक का व्हायचंय. पाठ केलेली दोन मिनिटं मी बोललेच नाही. म्हटलं, एका माणसाने प्रेमापोटी वारा कमी सांगितला आणि तीन जीव गेले. वरून वारा विचारला तर खालच्या माणसाला खरंच सांगावंसं वाटेल, अशी वैमानिक मला व्हायचंय. तो माणूस कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, माझे वडील. बाहेर आल्यावर आत्याच्या खांद्यावर डोकं टेकून मी रडले, कारण जागा गेली असं धरूनच चालले होते.

काल यादी लागली. चौथं नाव माझं आहे.

तुम्हाला खात्याचं बोलावणं येईल. मी विमानतळावर घ्यायला येईन. राग घेऊनच येईन, पण येईन. कानटोपी घालून या.

सा. न. वि. वि. इथे खाली लिहिते आहे, चालेल ना?

रस्मिला


धुपीखर्क
८ माघ, सकाळी साडेआठ, वारा सात

चि. रस्मिला हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नमस्कार कुठेही लिही, पोचतो.

तुझं पत्र खरं तर कालच यायचं. शेवटचं विमान दहा पन्नासला खिंडीत आलं. वैमानिक रेडिओवर हसून म्हणाला, शेरचन दाइ, तुमच्या मुलीचं पत्र खिशात आहे, जाड आहे, वारा सांगा. माझ्या पत्रानंतर पंचवीस दिवस तुझा एक शब्द नव्हता. तू मेलीस की जगलीस, मला बाप म्हणतेस की नाही, सगळं त्याच्या खिशात होतं. खिडकीखाली चार माणसं उभी होती, त्यांचीही कुणाकुणाची वस्तू आत होती. दाइ, थोडा कमी, असं त्यातल्या एकाने म्हटलंसुद्धा.

मी एकतीस सांगितला. त्याने पुन्हा विचारलं, खात्री आहे का? मी म्हणालो, खात्री आहे. विमानाने सफरचंदांच्या बागांवर वळण घेतलं आणि तुझं पत्र घेऊन परत गेलं. मी वहीत एकतीस लिहिलं. लोक मला काय काय बोलून गेले. मग त्या मागच्या बाकावर जाऊन बसलो.

आज सकाळी पत्र हातात आलं. यादीतलं नाव तीनदा वाचलं, रागाचा भागही तीनदा वाचला. खात्याचं बोलावणं याच विमानाने आलं आहे, सोमवारी निघतो. पेन्शन, शिक्षा, जे असेल ते होईल.

पुढे कधी तू वरून मला नाही, माझ्या जागी बसलेल्या दुसऱ्या कुणाला वारा विचारशील. त्याला दोनदा विचार.

आणि लोभ असेल तेवढाच लिहीत जा. माझ्यासाठी वाढवून नको.

तुझा,
बा