काकांच्या खोलीची काच

१२ एप्रिल

प्रिय ताई,
सा. न. वि. वि. शुद्धलेखनाला हसू नकोस. शाळा सुटल्यापासून हाताला काचेची फिल्म कापायच्या ब्लेडचीच सवय, दुकानाच्या कॉम्प्युटरवर एकेक अक्षर शोधत बसलेय. फोनवर तर माझं तोंडच उघडत नाही, तुला माहितीय.

तुझ्या लग्नाच्या दिवशी काकांनी मुद्दाम फोन बंद ठेवला, असं तू माझ्या आईला म्हणालीस. नाही गं. लग्नावरून भांडण त्यांनीच काढलेलं, म्हणून आपणहून यायची लाज वाटत होती. लेक फोन करून बोलावेल म्हणून सकाळीच दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, फोन हातात धरून खोलीत बसले होते. दुपारी शर्ट काढून ठेवला.

परवा एक गिऱ्हाईक चिडून आलं. आमची नवी फिल्म त्याच्या दुकानाच्या काचेला लावल्यापासून त्याचा फोन आत लागत नाही, पायरीवर लागतो. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेंज म्हणजे टॉवरवरून येणाऱ्या लहरी. जाड भिंतीत त्या अडखळतात, साध्या काचेतून येतात. आधीची फिल्म नुसती रंगाची होती. ही धातूची, ऊन परत फेकते तशा लहरीही फेकते. आणि काकांनी लग्नाआधी ह्यातलीच सगळ्यात भारी फिल्म स्वतःच्या खोलीला लावली होती. तू नवऱ्याला घेऊन त्या खोलीत राहायला आलीस तर ऊन लागू नये म्हणून.

रागव, पण लोभ असू दे.
तुझी गोगलगाय

१८ एप्रिल

चि. गोगलगाय,
अ. आ. हळू का होईना, पोचलीस बाई! मी हॉलच्या दारातून सारखी फोन लावत होते. कव्हरेज क्षेत्राबाहेर म्हणे. मी म्हटलं, घरात बसलेला माणूस क्षेत्राबाहेर कसा? त्यांची खुर्ची मीच उचलायला लावली. फोटोत आता रिकामी जागासुद्धा दिसत नाही, सगळे सरकून उभे राहिलेत.

बाबांना फिल्मचं सांगू नकोस. स्वतःच्या हाताने लावलेली, जिवाला लावून घेतील.

जप स्वतःला, आणि जरा बोलायला शीक.
ताई

२४ एप्रिल

प्रिय ताई,
सा. न. त्यांना आधीच कळलंय. त्या गिऱ्हाईकाकडे तेच गेले होते. घरी येऊन खोलीची फिल्म खरवडून काढली. दुसऱ्याच्या काचेवर ओरखडा आला तर मला फाडून खातात, आणि स्वतःच्या काचेची पार वाट लावली.

आता फोनला रेंजच्या सगळ्या दांड्या असतात. समोर ठेवून बसतात, पण लावत नाहीत. म्हणतात, लग्न होऊन गेलं, आता कुठल्या तोंडाने बोलू. तूच लाव. ते खोलीतच असतात.

माया आटवू नकोस.
गोगलगाय

ता. क. समोरच्या सायकलवाल्याने मिशी काढली. ओळखूच येत नाही.