न बघण्याचा करार

३ मार्च

सकाळी साइटवर आठही खांबांची विचारपूस केली. पहिला ठणठणीत. दुसरा, तिसरा – बरे आहात ना बाबांनो? पाणी मिळालं? कोपऱ्यातला अजून ओलाच, सर्दी झाल्यासारखा. सगळ्यांच्या अंगावर भिजलेली गोणपाटं. धुक्यात अख्खी इमारत तरंगत होती. मीही जरा तरंगलोच!

४ मार्च

आमच्या कंपनीचे कागद लेक बघते. ती म्हणाली, "बाबा, इमारतीच्या मालकांना कागद हवाय. काँक्रीट ओतायच्या आधी दोन्ही कंपन्यांनी मिळून सळया तपासायच्या. खाली दोघांच्या सह्या."

हसूच आलं. माझा दोस्त गंज्या, त्याच्या कंपनीने सळया बांधायच्या, आमच्या कंपनीने काँक्रीट ओतायचं – बावीस वर्षं हेच चाललंय. ओतायच्या आधी मी विचारतो, "झाकू का रे?" तो म्हणतो, "झाक, चिखल्या!" विषय संपला. आता त्याच्या सळया मी तपासू? कुठल्या तोंडाने!

लेकीने कागद त्याच्याकडे पाठवलाच.

७ मार्च

गंज्या तीन दिवस फिरकला नाही. फोन उचलत नाही. मनाला लागलं त्याच्या.

८ मार्च

दुपारी डोळा लागला. स्वप्नात आम्ही दोघं गॅलरीत पाय सोडून बसलेलो. खाली रस्ता नाही, नुसते ढग. मी आपला सारखा, "रागावलास का रे?" तो ढगात पाय हलवतोय.

उठलो तो थेट वरच्या मजल्यावर. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या सळया वाकून बघितल्या – चोरासारखं वाटलं. गॅलरी भिंतीबाहेर अधांतरी, तिची जाड सळई वरच्या अंगाला लागते, नाहीतर एक दिवस मोडून खाली येते. इथे खाली! परत बघितलं. खालीच.

लेकीला एवढंच म्हणालो, "उद्या ओतायचं नाही." गंज्याला चिठ्ठी धाडली – चार शिव्या घाल, पण दोन ओळी लवकर लिही.

१० मार्च

उत्तर आलं. अक्षर वहिनींचं.

"भावजी, हे सांगतात तसं लिहिते. 'रागावलो नाही रे. वर्षभर मला नीट दिसत नाही. सळया माझी माणसं बांधतात, मी नुसता हात फिरवतो नि झाक म्हणतो. सांगायची लाज वाटली. कधीतरी तू वाकून बघशील, म्हणून वाट बघत होतो.'"

११ मार्च

वर्षभरात आम्ही अकरा गॅलऱ्या ओतल्या. लोक राहायला गेलेत, तिथे कपडे वाळत घालतात. लेकीला सगळं सांगितलं. तिने गाडी काढलीय. वाटेत गंज्याला घेतो, मग पहिल्या घराची बेल.